सर्दीची गोळी काम करते की आपण आपोआपच बरे होतो?

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून थोडक्यात मीच सांगते. घरात पाच माणसं. त्या, नवरा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना बीपी आहे, प्रोस्टेटचा त्रासही आहे. पाऊस सुरू झाला की घरात सर्दी शिरते आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. नवरा महापेला कामाला. त्याला दर महिन्या-दीड महिन्याला शिंका सुरू होतात, की तो बिल्डिंगखालच्या मेडिकलमधून "ती नेहमीची" गोळी आणतो, दोन दिवसांत त्याला बरं वाटतं आणि मग तीच गोळी अख्ख्या घराला. ताईंनी कुठेतरी वाचलं की सर्दीच्या गोळ्यांमधलं नाक मोकळं करणारं औषध कामच करत नाही असं अमेरिकेत ठरलंय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला फरक पडतो ना, मग झालं." सासूबाईंचं म्हणणं, पोर रात्रभर घुरघुरतंय, तिला निदान सिरप तरी दे. ताई विचारतात, "घरातल्या सगळ्या गोळ्या फेकून देऊ का? आणि काहीच औषध न देता बसले तर मी निष्काळजी आई ठरते का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप तुमची त्यानेच उडालीये असं पत्र वाचून वाटलं. नाही, तुम्ही निष्काळजी नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला सर्दीचं सिरप न देणं हेच आजच्या घडीला बरोबर आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, त्याची कारणं पुढे देतेच. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेय आणि ठाण्यात नौपाड्याला बरीच वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिलेय, तेव्हा औषधात काय असतं आणि लोक ते कसं घेतात एवढं मला नीट माहितीये.

आता तुमच्या मिस्टरांचं वाक्य. "मला फरक पडतो." ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच बरं वाटतं. पण काउंटरवरून मला एक गोष्ट कायम दिसायची, की माणूस पहिल्या शिंकेला सहसा मेडिकलमध्ये येत नाही, तो येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, नाक लाल, डोळे जड, आवाज बसलेला, आता सहनच होत नाही म्हणून. आणि साध्या सर्दीचा जोर असतोच मुळात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तिथून पुढे ती आपणहून उतरायला लागते आणि आठवडा-दहा दिवसांत जाते, खोकला तेवढा मागे रेंगाळतो, कधी कधी दोन-तीन आठवडेसुद्धा. म्हणजे गोळी घेतली ती नेमकी उतार सुरू होण्याच्या तोंडाशी, त्यामुळे काहीही घेतलं असतं तरी दोन दिवसांनी बरंच वाटलं असतं, आणि श्रेय त्या वेळी जे पोटात होतं त्याला मिळतं. काढा घेणाऱ्याला काढ्याने बरं वाटतं, गोळी घेणाऱ्याला गोळीने, आणि ज्याच्याकडे वेळच नव्हता तोही त्याच सुमारास बरा होतो. म्हणून तर औषध तपासताना अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात आणि मग दोघांची तुलना करतात.

पण म्हणून "सगळं फसवं आहे" असंही मी म्हणणार नाही. तुम्ही वाचलेल्या बातमीचा अर्थ तसा निघत नाही. मुळात "सर्दीची गोळी काम करते का" हा प्रश्नच नीट नाहीये, कारण ती एक गोळी नसते. एकात एक तीन-चार औषधं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पुढच्या वेळी मिस्टरांनी गोळी आणली की ती पालथी करा. बहुतेक वेळा एक अडचण येईल, मेडिकलवाल्याने कात्रीने चारच गोळ्या कापून दिलेल्या असतील आणि घटक नि एक्सपायरी नेमकी राहिलेल्या तुकड्यावर गेलेली असेल. तर सरळ सांगा, मागचं छापलेलं दिसेल असं कापून द्या, नाहीतर अख्खी स्ट्रिप द्या, नाहीतर निदान मला फोटो काढू द्या. कुणी नाही म्हणत नाही.

मागे साधारण हे दिसेल. एक, पॅरासिटामॉल. दोन, फिनाइलएफ्रिन. तीन, क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन. काहींत वर थोडं कॅफीन. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, अंगदुखी-डोकेदुखी कमी करतं, आणि ते खरंच करतं, त्यात शंका नाही. माझ्या मते या गोळीने जे "बरं वाटतं" त्यातला मोठा वाटा त्याचाच असतो. क्लोरफेनिरामिनने नाक गळणं आणि शिंका पहिल्या दोन दिवसांत जराशा कमी होतात, मोठ्या माणसांत, पुढे फारसा उपयोग दिसत नाही, आणि झोप येते. तेव्हा मिस्टर ही गोळी खाऊन ठाणे-बेलापूर रोडने बाईक चालवत असतील तर ते मला अजिबात चालणार नाही, तेवढं आजच सांगा. सेटिरिझिनने झोप कमी येते पण साध्या सर्दीत त्याचा उपयोगही नावालाच.

राहिलं फिनाइलएफ्रिन, तुमच्या बातमीतलं. नाक चोंदतं ते फक्त शेंबडाने नाही, नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अरुंद होते, म्हणून तर कितीही शिंकरलं तरी मोकळं वाटत नाही. फिनाइलएफ्रिनने या रक्तवाहिन्या आकसाव्यात अशी अपेक्षा. पण तोंडाने घेतल्यावर आतड्यातून जाता जाताच त्याचा बहुतेक भाग निकामी होतो, नाकापर्यंत कामाचं असं फारच थोडं पोचतं. १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या डोसपासून थेट ४० पर्यंत देऊन पाहिलं, अॅलर्जीने नाक बंद असलेल्या लोकांना, तरी औषध नसलेल्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या डोसमध्ये हे नाक मोकळं करत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते बिनचिठ्ठीच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. लक्षात घ्या, धोकादायक म्हणून नाही, निरुपयोगी म्हणून. आणि हे सगळं पोटात घ्यायच्या औषधाबद्दल, नाकात मारायच्या स्प्रेबद्दल नाही.

मग हे आलं कुठून असं तुम्ही विचाराल. आधी याच्या जागी स्यूडोएफेड्रिन असायचं, ते पोटातून बऱ्यापैकी काम करतं, पण त्यापासून मेथ नावाचं नशेचं ड्रग बनवतात म्हणून अमेरिकेत २००६ पासून ते काउंटरच्या मागे गेलं, नाव-ओळख नोंदवल्याशिवाय मिळेना, आणि कंपन्यांनी समोरच्या फळीवर ठेवता यावं म्हणून फिनाइलएफ्रिन घातलं. काम करणारं औषध गेलं, न करणारं आलं, पाकीट जवळपास तेच राहिलं. मला याचा राग येतो, खरंच सांगते, कारण गोळी घेणाऱ्याला हे कुणी सांगितलंच नाही.

तर मिस्टरांसाठी माझं म्हणणं एवढंच, की ज्या त्रासाला जे औषध, तेवढंच घ्यायचं. कणकण आहे, अंग मोडून आलंय, डोकं धरलंय तर साधं पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०. रात्री नाक इतकं बंद की झोपच नाही, तर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे नाकात टाकायचे थेंब किंवा स्प्रे, ऑट्रिविन-नेसिव्हिऑन म्हणून मिळतात ते, मोठ्यांचे मोठ्यांना. हे खरंच काम करतात आणि काही मिनिटांत करतात. पण तीन दिवस, फार तर पाच. त्याच्या पुढे सवय लावली तर उलटं होतं, औषध उतरलं की नाक आणखी बंद, मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. उशीखाली बाटली ठेवून वर्षानुवर्षं झोपणारी माणसं पाहिलीयेत मी, त्यांची सर्दी कधीच गेलेली असते, उरलेला असतो तो थेंबांचाच त्रास.

आणि एक हिशेब सांगते, तो सगळ्यांनीच करा. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे, दिवसातून चार घेतल्या, झाले २०००. मध्येच ताप वाटला म्हणून डोलो ६५० चार वेळा, झाले आणखी २६००. एकूण ४६००. मोठ्या निरोगी माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, आणि वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू असेल तर त्याहून बरीच खाली. माणूस म्हणतो मी दोन वेगळी औषधं घेतली, आत एकच औषध दोनदा गेलेलं असतं आणि मार लिव्हरला बसतो. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही सगळी पॅरासिटामॉलच आहेत हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

मिस्टरांबद्दल अजून एक शंका आहे मला. दर महिन्या-दीड महिन्याला शिंका म्हणताय तुम्ही. मोठ्या माणसाला वर्षाला साधारण दोन-तीन सर्द्या होतात. याहून बऱ्याच जास्त, तापाशिवाय, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाकातून पाण्यासारखं, नाक-डोळ्यांना खाज, असं असेल तर ती सर्दी नसून अॅलर्जी असू शकते. आपल्याकडे धूळ, बांधकामं, एमआयडीसीची हवा, पावसाळ्यात भिंतींना धरलेली बुरशी, कशाचीही. आणि अॅलर्जीला सेटिरिझिनसारखी औषधं खरंच लागू पडतात, मिस्टरांना त्या गोळीने फरक पडतो त्याचं कारण कदाचित हेच असेल. तसं असेल तर चार औषधांची गोळी कशाला, एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, रोज मारायचा स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे हा त्यावर जास्त चांगला उपाय असतो. स्टिरॉइड शब्दाला घाबरू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो नीट वापरता येतो.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. त्यांना ती कॉम्बिनेशन गोळी देऊ नका. फिनाइलएफ्रिनच्या लेबलवर बीपी आणि प्रोस्टेटवाल्यांसाठी इशारा असतो, म्हणजे नाकाला फायदा नाही आणि काळजीचं कारण मात्र आहे. क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते, रात्री-अपरात्री कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावायला हॉस्पिटल गाठावं लागतं, शिवाय वयस्कर माणसाला गुंगी येऊन तोल जातो तो वेगळाच. त्यांना ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, बस. नाक मोकळं करणारा स्प्रेसुद्धा बीपीच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता लेक. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनच्या एकत्र औषधावर "४ वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला सांगितलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं विषारी कफ सिरपने गेली, त्यातल्या कितीतरी जणांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते, ते तुम्हाला आठवत असेल, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे नकोतच. ते सिरप भेसळीचं होतं, प्रत्येक सिरप तसं नसतं हे खरं, पण ज्या औषधाचा लहान मुलाला फायदा दिसत नाही त्याच्यापायी थोडासुद्धा धोका का पत्करायचा? आणि मोठ्यांची गोळी अर्धी करून, कुटून मधात देणं हे तर कुणीही, कधीही करू नये.

"काहीच न देता" असं तुम्ही लिहिलंय ना, ते मला खटकलं. तुम्ही काहीच करत नाही असं नाहीये. नाकात सलाइनचे, म्हणजे त्याच मिठाच्या पाण्याचे थेंब, झोपायच्या आधी आणि जेवणाच्या आधी, मग मऊ रुमालाने पुसून घ्यायचं, याने घुरघुर बरीच कमी होते. रात्रीच्या खोकल्याला अर्धा-एक चमचा मध, एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चालतो, त्याच्या आत अजिबात नाही कारण बाळांना त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. कोमट वरणाचं पाणी, सूप, जे पोटात जाईल ते. ताप असून पोर मलूल असेल तर पॅरासिटामॉल, पण वजनावर, एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाटलीवर नक्की बघा, एका सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं आणि दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०, त्यामुळे "एक चमचा दे" या वाक्याला काही अर्थ नाही. डॉक्टरांकडून तिच्या वजनाचा डोस एकदा लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, आणि मोजायला बाटलीबरोबरचंच माप.

वाफेबद्दल सासूबाई बोलतील. मोठ्यांना वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घ्यायची तर घ्या, पण सर्दी त्याने लवकर जात नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं आणि लहान मूल एका खोलीत नकोच, वाफेपायी पोरं भाजतात. बामचंही तसंच. मेंथॉलने नाकात गार लागतं म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटतं, वाट तेवढीच अरुंद असते. मोठ्यांनी कपाळाला लावावा, मुलीच्या नाकाखाली नको. हळदीचं दूध, गवती चहा, मिठाच्या गुळण्या हे सगळं घशाला छान वाटतं, जरूर करा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सर्दी झाल्यावर सुरू केल्या तर उपयोग दिसलेला नाही. वर्षभर रोज घेणाऱ्या मोठ्यांत सर्दीचा काळ सरासरी ८ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस, त्यापेक्षा घरात पेरू आणा. आणि शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागायला जाऊ नका, साध्या व्हायरल सर्दीतही रंग बदलतो आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ आहे ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

नर्सरीतल्या मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नॉर्मल आहे. एकेक आठ-दहा दिवस धरली तर वर्षातले दोन-अडीच महिने नाक वाहतंच असं होतं, त्यात तुमच्या काळजी घेण्याची काही चूक नाही.

डॉक्टरकडे कधी पळायचं ते मात्र पाठ असू द्या. मुलीचा श्वास जोरात चालतोय, शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त (कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजा), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणी पीत नाही, खूप झोपाळलीये, ओठ निळसर, तर रात्र असो की पहाट, वाट बघायची नाही. कुणालाही तीन दिवसांच्या पुढे ताप, धाप, छातीत दुखणं, किंवा बरं वाटून पुन्हा जोरात ताप, तर दाखवायचं. पावसाळ्यात ताप आहे पण नाक-घसा कोरडाच, सर्दीचं नावही नाही, तर ती सर्दी समजूच नका, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांची तपासणी करा, आणि डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घ्यायचं नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासायची, सरकारी नि महापालिकेच्या केंद्रात ती फुकट होते.

सासूबाईंशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीये, पण ते पत्रात दिसतंय. त्यांना "सिरप वाईट" असं सांगून उपयोग होणार नाही, त्यांनी त्याच सिरपावर तुमच्या मिस्टरांना मोठं केलंय आणि नातीच्या काळजीपोटीच बोलतायत. पुढच्या वेळी मुलांच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या आणि हाच प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणि रात्री सलाइन घालायचं काम त्यांच्याकडे द्या, काळजीने कासावीस झालेल्या माणसाच्या हाताला काहीतरी करायला लागतं.

गोळ्या फेकायचं म्हणाल तर सगळ्या नको. डब्यात साधं पॅरासिटामॉल ठेवा, मुलीचं वेगळं, मापासकट, उंचावर. सलाइनचे थेंब, मोठ्यांचा नाकाचा एक स्प्रे ज्यावर उघडल्याची तारीख पेनने लिहिलेली असेल, थर्मामीटर, ओआरएस. कॉम्बिनेशनच्या कापलेल्या सुट्या स्ट्रिपा, ज्यावर नाव-तारीख वाचता येत नाही अशा सगळ्या, आणि मागच्या वर्षीच्या उघड्या सिरपच्या बाटल्या काढून टाका. सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्यांचा एक फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये काहीही घेताना आधी तो फोटो दाखवून "यांच्याबरोबर हे चालेल का" असं फार्मासिस्टला विचारूनच पैसे द्या.